अनेक दिवसांच्या पदभ्रमंतीसाठी सॅक निवडताना : पाठीचे माप, कापडाची जात आणि कंबरपट्ट्याचे महत्त्व

जयपूर (प्रताप नगर) : पावसाळा ओसरला की सह्याद्रीतील गडवाटा गजबजतात आणि त्याच सुमारास हिमालयातील शरद ऋतूचा पदभ्रमंती हंगामही सुरू होतो. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने साल्हेर, राजगड, रायगड, प्रतापगड, पन्हाळा यांच्यासह बारा किल्ल्यांचा जागतिक वारसा यादीत समावेश केल्यानंतर गडकोटांविषयीचे कुतूहल वाढले आहे. पहिल्यांदाच दोन-तीन मुक्कामांच्या भ्रमंतीला निघणारे नवखे लोक बुटांची चौकशी बारकाईने करतात, सॅकची मात्र क्वचितच. घरात असलेली किंवा मित्राकडून उसनी घेतलेली सॅक पाठीवर टाकून निघण्याची पद्धत सर्रास आढळते. दुसऱ्या दिवशी सकाळी खांदे उचलेनासे झाले की मग चौकशी सुरू होते.

प्रताप नगर ही राजस्थान गृहनिर्माण मंडळाने जयपूरच्या दक्षिणेस, सांगानेर परिसरात वसवलेली वसाहत. मंडळाच्याच कोचिंग हबमुळे येथील रस्त्यांवर पाठीला पिशवी लावलेली तरुण मुले दिवसभर दिसतात. वह्या-पुस्तकांची ही पिशवी आणि चार दिवसांच्या डोंगरयात्रेची सॅक दिसायला सारख्या असल्या, तरी त्यांची रचना मुळातच निराळी असते. पहिलीत सगळा भार खांद्यांवर येतो, दुसरीत तो कमरेवर यावा लागतो. जयपूरहून उत्तराखंडचा पायथा एका रात्रीच्या प्रवासावर आहे. त्यामुळे येथून हिमालयाकडे जाणारे आणि सुटीत महाराष्ट्रात येऊन सह्याद्री चढणारे, अशा दोन्ही प्रकारच्या मराठी वाचकांना उपयोगी पडेल अशी माहिती येथे दिली आहे.

ओझ्याचा हिशेब आधी

दुकानात जाण्यापूर्वी कागदावर करायचे काम म्हणजे वजनाचा हिशेब. राजगड ते तोरणा, रतनगड ते हरिश्चंद्रगड किंवा तत्सम तीन दिवसांच्या भ्रमंतीसाठी एका व्यक्तीचे सामान साधारण असे भरते : रिकामी सॅक पावणेदोन ते दोन किलो, स्लीपिंग बॅग सव्वा किलो, कॅरीमॅट अर्ध्या किलोहून कमी, तंबूतील आपला वाटा सव्वा ते दीड किलो, कपडे सव्वा किलो, शिधा दिवसाला सहाशे ग्रॅम धरून पावणेदोन किलो, चूल-भांड्यांतील वाटा पाऊण किलो, विजेरी, औषधे, चाकू, दोरी इत्यादी पाऊण किलो आणि तीन लिटर पाणी. ही बेरीज बारा किलोच्या आसपास जाते.

पाठीवरचे ओझे शरीराच्या वजनाच्या पाचव्या भागापर्यंत, फार तर चौथ्या भागापर्यंत असावे, असा पदभ्रमंतीतील सर्वसाधारण संकेत आहे. साठ किलो वजनाच्या व्यक्तीसाठी बारा किलो ही म्हणजे संकेताची मर्यादाच झाली. पन्नास किलोच्या व्यक्तीला तेच सामान जड पडणार हे उघड आहे. तुलनेसाठी सांगायचे तर केंद्र सरकारच्या २०२० च्या शालेय दप्तर धोरणात विद्यार्थ्याच्या दप्तराचे वजन त्याच्या वजनाच्या दहा टक्क्यांपेक्षा अधिक नसावे, असे म्हटले आहे. मुलांना घेऊन गडावर जाणाऱ्या पालकांनी हा आकडा डोंगरातही लक्षात ठेवण्यास हरकत नाही.

या यादीत सर्वांत जड वस्तू पाणी आहे. हिमालयातील बहुतेक लोकप्रिय वाटांवर ओढे-झरे वरचेवर लागतात आणि एक-दोन लिटरवर भागते. सह्याद्रीत चित्र उलटे असते. डिसेंबरनंतर ओढे आटतात, फेब्रुवारी-मार्चपासून अनेक गडांवरील टाक्यांचे पाणी तळाला जाते किंवा पिण्याजोगे राहत नाही, आणि उन्हात माणशी चार लिटर पाणी पाठीवर घेऊन चढावे लागते. म्हणजे कपडे कमी लागूनही सह्याद्रीतील ओझे हिमालयाच्या तोडीचे होते. परदेशी नियतकालिकांतील याद्या जशाच्या तशा वापरणाऱ्यांची येथेच फसगत होते.

किती लिटरची सॅक घ्यावी

सॅकचे आकारमान लिटरमध्ये सांगतात. एका दिवसाच्या चढाईसाठी वीस ते तीस लिटर पुरतात. एक-दोन मुक्कामांसाठी चाळीस ते पन्नास, आणि तंबू व शिधा स्वतः वाहून न्यायचा असेल अशा चार-पाच दिवसांसाठी पंचावन्न ते पासष्ट लिटर लागतात. त्यापुढची आकारमाने दोर, लोखंडी सामान आणि भरपूर गरम कपडे न्यावे लागणाऱ्या मोहिमांसाठी असतात.

‘मोठी घेऊन ठेवू, कधीतरी लागेल’ हा आपल्याकडचा विचार सॅकच्या बाबतीत महागात पडतो. रिकामी जागा दिसली की माणूस ती भरतोच. शिवाय अर्धवट भरलेल्या मोठ्या सॅकमध्ये सामान हलते, तळाशी गोळा होते आणि चालणाऱ्याला मागे ओढते. प्रामुख्याने सह्याद्रीत हिंडणाऱ्याने पंचेचाळीस ते पंचावन्न लिटरच्या पुढे जाण्याचे कारण सहसा पडत नाही. सॅकच्या दोन्ही कुशींना आवळपट्टे असावेत, म्हणजे शिधा संपत गेला तसे पोट आत ओढून घेता येते.

अलीकडे व्यावसायिक मोहिमांत जड सामान खेचरांवर देण्याची सोय असते. ती घेणार असाल तर पाठीवर तीस लिटरची सॅकही पुरेल; मात्र खेचरावरची पिशवी दिवसभर हाती लागत नाही, त्यामुळे पाऊसकोट, गरम कपडा, औषधे आणि खाणे आपल्याजवळच हवे.

भार कमरेवर कसा येतो

ओझे वाहण्याची मानवाची साधने फार जुनी आहेत. १९९१ मध्ये आल्प्सच्या हिमनदीत सापडलेल्या, पाच हजार वर्षांहून अधिक जुन्या ‘ओट्झी’ या हिममानवाजवळ हेझेल झाडाची वाकवलेली काठी आणि लार्चच्या फळ्या मिळाल्या. तो पाठीवरच्या बोजाचा सांगाडा असावा, असे संशोधक मानतात. नेपाळी हमाल बांबूच्या ‘डोको’चा भार ‘नाम्लो’ नावाच्या पट्ट्याने कपाळावर घेतात. २००५ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात नामचे बाजारकडे जाणाऱ्या पुरुष हमालांच्या पाठीवरचे ओझे सरासरीने त्यांच्या स्वतःच्या वजनाच्या नव्वद टक्क्यांहून अधिक आढळले होते. आपल्या घाटांतील गावांत पाण्याचे हंडे आणि लाकडाच्या मोळ्या आजही डोक्यावरून जातात. या सर्व पद्धतींत भार पाठीच्या कण्याच्या रेषेत उभा खाली उतरतो.

दोन खांद्यांवर टांगलेली पिशवी ही रेषा मोडते. भार मागे लोंबतो, तो सावरण्यासाठी माणूस पुढे झुकतो, आणि मान, खांदे व कंबर तिन्ही ताणले जातात. विसाव्या शतकातील सॅकचा इतिहास म्हणजे हा दोष दुरुस्त करण्याचा इतिहास आहे. नॉर्वेच्या ओले बेर्गान यांनी शतकाच्या पहिल्या दशकात पाठीच्या आकाराची चौकट पिशवीला जोडली. अमेरिकेत डिक केल्टी यांनी १९५२ पासून ॲल्युमिनियमची चौकट, नायलॉनचे कापड आणि भार नितंबावर घेणारा पट्टा असलेल्या सॅक विकायला सुरुवात केली. १९६७ मध्ये ग्रेग लो यांनी चौकट पिशवीच्या आत नेली. आज बाजारात मिळणाऱ्या बहुतेक सर्व सॅक या शेवटच्या वंशातल्या आहेत.

आतल्या चौकटीचे काम एवढेच की, खांद्याजवळचे वजन न वाकता थेट कंबरपट्ट्यापर्यंत पोहोचवायचे. ती ॲल्युमिनियमच्या एक-दोन पट्ट्यांची, कडक प्लॅस्टिकच्या पत्र्याची किंवा कडेने फिरणाऱ्या तारेची असते. नीट बसलेल्या सॅकचा सुमारे दोन-तृतीयांश ते तीन-चतुर्थांश भार कमरेच्या हाडांवर यावा आणि खांदेपट्ट्यांनी सॅक पाठीशी धरून ठेवण्याचे काम करावे, ही अपेक्षा असते. दुकानात सॅक उभी धरून वरून दाबावी. ती मधोमध कोलमडली तर आतील चौकट नावापुरती आहे, असे समजावे. फुटपाथवर नामवंत कंपन्यांच्या चिन्हासह मिळणाऱ्या नकली सॅकमध्ये नेमकी हीच काटकसर केलेली असते. चिन्ह हुबेहूब असते, पण आत फक्त फोमची चकती असते.

पाठीचे माप

सॅकचे माप माणसाच्या उंचीवर ठरत नाही, पाठीच्या लांबीवर ठरते. सारख्या उंचीच्या दोघांच्या पाठींत चार-पाच सेंटिमीटरचा फरक सहज असतो. हे माप घेण्यासाठी दुसऱ्या माणसाची आणि शिंप्याच्या टेपची गरज लागते. मान पुढे झुकवल्यावर मानेच्या मुळाशी जो मणका ठळकपणे हाताला लागतो, तेथे टेपचे एक टोक धरावे. मग ज्याचे माप घ्यायचे त्याने दोन्ही हात कमरेवर ठेवावेत, ते असे की अंगठे मागे यावेत आणि तळवे कमरेच्या हाडांच्या वरच्या कडेवर टेकावेत. दोन अंगठ्यांना जोडणाऱ्या रेषेपर्यंत टेप कण्याच्या वळणावरून खाली आणावी. जे अंतर येईल ती पाठीची लांबी. सर्वसाधारणपणे त्रेचाळीस सेंटिमीटरपर्यंत लहान, त्रेचाळीस ते अठ्ठेचाळीसपर्यंत मध्यम आणि त्यापुढे मोठे माप धरतात. कंपनीगणिक यात थोडा फरक पडतो, म्हणून तिचा तक्ता पाहावा. पाठ वर-खाली सरकवता येणाऱ्या सॅक मिळतात. घरात दोघे-तिघे एकच सॅक वापरणार असतील तर त्या सोयीच्या ठरतात.

स्त्रियांसाठी बनवलेल्या सॅकमध्ये रंग सोडून काही वेगळे नसते, हा समज चुकीचा आहे. चांगल्या बनावटीत पाठ आखूड, खांदेपट्टे अरुंद व छातीला वळसा घालणारे आणि कंबरपट्टा नितंबाच्या उतारानुसार तिरपा कापलेला असतो. अरुंद खांद्यांच्या पुरुषांनाही अशी सॅक चांगली बसते. त्यात संकोच करण्यासारखे काही नाही.

सॅक चढवण्याचा क्रम ठरलेला आहे आणि तो उलटा केला तर उत्तम सॅकही त्रास देते. आधी सगळे पट्टे सैल करावेत. मग कंबरपट्टा असा लावावा की त्याच्या गादीचा मध्य कमरेच्या हाडांच्या कडेवर येईल. तो पोटावर किंवा मांड्यांवर बसता कामा नये. त्यानंतर खांदेपट्टे ओढावेत, पण खांदे दबतील इतके नव्हे. खांद्याच्या वरून सॅकच्या माथ्याकडे जाणारे छोटे पट्टे असतात, ते ओढल्यावर तिरपे, तीस ते पंचेचाळीस अंशांत राहिले पाहिजेत. ते आडवे किंवा खाली उतरलेले दिसले तर सॅकची पाठ आखूड आहे. शेवटी छातीपट्टा, गळपट्टीच्या हाडाखाली दोन-तीन बोटे अंतरावर, श्वास मोकळा राहील इतपत लावावा.

हे सगळे रिकाम्या सॅकवर तपासून उपयोग नाही. दहा-बारा किलो वजन भरून दुकानात निदान वीस मिनिटे चालावे, जिना असेल तर चढावा-उतरावा, खाली वाकून बुटाची नाडी बांधून पाहावी. चांगल्या दुकानांत वजनाच्या उशा ठेवलेल्या असतात, नसतील तर पाण्याच्या बाटल्या चालतात. विक्रेता कंटाळला तरी चालेल. ऑनलाइन मागवल्यास परत करण्याची मुदत पाहून घरीच ही परीक्षा घ्यावी, लेबले मात्र तोडू नयेत.

चुकीच्या सॅकचा धोका

खांद्यांवर दीर्घकाळ जड पट्टे दाबले गेले तर मानेतून हाताकडे जाणाऱ्या मज्जातंतूंच्या जाळ्यावर दाब येतो. वैद्यकशास्त्रात याची ‘रकसॅक पाल्सी’ या नावाने नोंद आहे आणि सैनिकी प्रशिक्षणातील तरुणांमध्ये ती प्रामुख्याने आढळली आहे. हाताला मुंग्या येणे, बोटे बधिर होणे, हात खांद्याच्या वर उचलता न येणे ही लक्षणे होत. मुंग्या येऊ लागताच थांबून सॅक उतरवावी, कंबरपट्टा नव्याने लावावा, वजन वाटून घ्यावे. बधिरपणा टिकून राहिला तर डॉक्टरांना दाखवावे. बहुतेकांचा त्रास विश्रांतीने बरा होतो, परंतु त्याला काही आठवडे, क्वचित महिनेही लागतात. कंबरपट्टा नसलेली सॅक दहा किलोंच्या वर भरू नये असे म्हणतात ते यासाठीच.

दुसरा धोका सह्याद्रीच्या वाटांच्या स्वभावातून येतो. येथील गडवाटा कडा उजवीकडे आणि दरी डावीकडे अशा आडव्या पट्ट्यांवरून जातात. हरिहरच्या कातळकोरीव पायऱ्या जवळजवळ उभ्या आहेत, अलंग-मदन-कुलंगच्या वाटेवर दोर लावावा लागतो, रतनगडला शिड्या आहेत. अशा ठिकाणी सॅकची रुंदी खांद्यांपेक्षा अधिक असेल किंवा कॅरीमॅट तिच्यावर आडवी बांधलेली असेल, तर तिचे टोक कातळाला घासते आणि माणूस दरीच्या बाजूला ढकलला जातो. फोटोंत आडवी मॅट रुबाबदार दिसते, हे खरे. तरीही ती उभी, सॅकच्या कुशीला बांधावी, नाहीतर वळकटी करून आत घालावी. बाहेर लोंबणारे मग, चपला, ओल्या कपड्यांच्या पिशव्या यांचेही तेच. मोठे फुगीर बाजूखिसे असलेली सॅक जंगलातील सपाट वाटांवर सोयीची असते, कातळावर ती अडचण होते.

घसाऱ्यावरून उतरताना तिसरा प्रश्न येतो. हवा खेळती राहावी म्हणून हल्ली अनेक सॅकची पाठ ताणलेल्या जाळीची असते. पाठ आणि पिशवी यांत बोटभर मोकळी जागा राहते. कोकणच्या दमट हवेत आणि राजस्थानच्या उन्हात तिचे सुख निर्विवाद आहे. परंतु त्यामुळे वजन पाठीपासून दूर जाते आणि अवघड उताराला तोल मागे जातो. आठ-दहा किलोंपर्यंत जाळीची पाठ चालते. त्याहून जड ओझ्यासाठी आणि कातळाच्या वाटांसाठी, घाम आला तरी, पाठीला चिकटून बसणारी सॅक अधिक सुरक्षित म्हणावी लागेल.

कापड, शिवण, चेन

सॅकच्या लेबलवर ‘४२० डी’, ‘६०० डी’ असे आकडे असतात. ‘डी’ म्हणजे डेनियर, नऊ हजार मीटर लांबीच्या धाग्याचे ग्रॅममधील वजन. आकडा मोठा तितका धागा जाड. पण एवढ्यावरून टिकाऊपणा ठरत नाही, कारण ६०० डेनियरच्या स्वस्त पॉलिएस्टरपेक्षा ४२० डेनियरचे चांगले नायलॉन घर्षणाला अधिक टिकू शकते. नायलॉन मजबूत असते, मात्र पाणी थोडे अधिक शोषते आणि उन्हाने त्याची ताकद घटते. पॉलिएस्टर उन्हाला अधिक तोंड देते, घासण्याला कमी. सह्याद्रीच्या बेसाल्टवर सॅक दिवसातून दहा वेळा टेकवली जाते, करवंदीच्या जाळ्यांतून ओढली जाते. तेव्हा निदान तळाचे कापड जाड नायलॉनचे, शक्य तर दुहेरी असावे. कापडात चौकोनी जाळीसारख्या जाड रेघा दिसतात, ते ‘रिपस्टॉप’ विणकाम. त्यात पडलेले भोक पुढे फाटत जात नाही.

एक किलोहून हलक्या, अत्यंत पातळ पण मजबूत धाग्याच्या सॅक परदेशात लोकप्रिय झाल्या आहेत. सामानही तितकेच हलके असणाऱ्यांसाठी त्या आहेत. जाडजूड स्लीपिंग बॅग, स्टीलची भांडी आणि चार लिटर पाणी घेऊन निघणाऱ्या मंडळींनी त्यांच्यावर पैसे खर्च करू नयेत.

सॅक सहसा कापडात फाटत नाही, ती शिवणीत उसवते. खांदेपट्टे जेथे पिशवीला जोडलेले असतात ती जागा सर्वांत आधी पाहावी. तेथे दाट, पुढे-मागे घेतलेली आडवी शिवण असली पाहिजे आणि पट्टा दोन कापडांच्या मध्ये खोलवर घातलेला असला पाहिजे. सॅक उलटी करून आतल्या कडा बघाव्यात. कापडाच्या कडांना फीत लावून त्या बंद केल्या असतील तर कारखान्याने काम मनापासून केले आहे. सुटलेले धागे लोंबत असतील तर पुढची तपासणी करण्याची गरज नाही.

चेनच्या बाबतीत दातांपेक्षा तिचा धावक आधी निकामी होतो. मुख्य चेन जाड असावी आणि गच्च भरलेल्या सॅकवर ती वळणावर अडकू नये. तोंडाला नाडी आणि वर झाकण असलेल्या जुन्या पद्धतीच्या सॅकमध्ये हा प्रश्नच कमी येतो. चेन तुटली तर पिशवी उघडी पडत नाही. समोरून सुटकेससारख्या उघडणाऱ्या सॅक प्रवासाला उत्तम, पण दूरच्या डोंगरात नाडीची सॅक अधिक भरवशाची. बकलांपैकी कंबरपट्ट्याचे बकल मोडले तर त्याला पर्याय नसतो. शिवण न उसवता बदलता येणारे बकल असेल तर उत्तम, आणि त्या मापाचे एक जादा बकल सोबत ठेवावे.

किमतीचे सांगायचे तर देशी बनावटीच्या व मोठ्या साखळी दुकानांतील समाधानकारक सॅक साधारण तीन ते सात हजार रुपयांत मिळतात, आयात केलेल्या नामवंत बनावटी दहा हजारांच्या वर जातात. या फरकातला बराचसा भाग वजन, पाठीची रचना आणि दुरुस्तीची हमी यांचा असतो. वर्षातून एकदाच जाणाऱ्याने सॅक भाड्याने घेणे अधिक शहाणपणाचे. पुण्या-मुंबईत आणि मनाली, डेहराडूनसारख्या ठिकाणी ती मिळते. मात्र निघण्याच्या सकाळी घाईत नव्हे, आदल्या दिवशी वजन भरून पाहूनच ती ताब्यात घ्यावी.

पाऊस, उंदीर आणि माकडे

‘वॉटरप्रूफ’ असे लिहिलेल्या बहुतेक सॅक प्रत्यक्षात पाण्याला थोडा वेळ थोपवणाऱ्या असतात. कापडातून नाही तरी शिवणीतून आणि चेनमधून पाणी आत येतेच. जुलैमध्ये, १६६० च्या पावनखिंडीच्या लढाईच्या स्मरणार्थ, पन्हाळा ते पावनखिंड ही वाट दोन दिवस पावसात चालणाऱ्यांना हे नव्याने सांगायला नको. रेन कव्हर बाहेरून येणारे पाणी अडवते, पण पाठीकडून झिरपणारे अडवत नाही, आणि घाटमाथ्यावरच्या वाऱ्यात ते उडूनही जाते. खात्रीचा उपाय स्वस्त आहे. सॅकच्या आत एक मोठी, जाड प्लॅस्टिकची पिशवी घालून सामान तिच्यात भरावे आणि तोंड पिळून बांधावे. स्लीपिंग बॅग व कोरडे कपडे यांना आणखी एक वेगळी पिशवी द्यावी. रात्री भिजलेली स्लीपिंग बॅग ही सह्याद्रीत गैरसोय असते, हिमालयात तीच जिवावर बेतू शकते, कारण ओलेपणा आणि वारा एकत्र आले की तापमान शून्याच्या वर असतानाही शरीराची ऊब धोकादायक पातळीपर्यंत उतरते.

गुहेत किंवा देवळात मुक्काम असेल तर खाण्याचे पदार्थ सॅकमध्ये ठेवून झोपू नये. उंदीर चेन उघडत बसत नाहीत, कापड कुरतडतात, आणि एका रात्रीत नव्या सॅकला मूठभर भोक पडते. शिधा डब्यात बंद करून वर टांगावा. दिवसा हेच काम माकडे करतात. अनेक गडांवर ती बाहेरच्या जाळीच्या खिशांवर लक्ष ठेवून असतात.

सामान भरताना स्लीपिंग बॅग तळाशी, शिधा-पाणी-भांडी ही जड वस्तू मधल्या भागात पाठीला लगटून, हलके कपडे बाहेरच्या बाजूस आणि पाऊसकोट, विजेरी, औषधे सर्वांत वर, असा क्रम ठेवावा. कातळारोहणाच्या टप्प्याआधी जड वस्तू थोड्या खाली सरकवल्यास तोल चांगला राहतो. स्वयंपाकाचा गॅस रेल्वेने नेण्यास मनाई आहे. रेल्वे कायद्यात धोकादायक सामान नेल्याबद्दल तीन वर्षांपर्यंत कैदेची तरतूद आहे, त्यामुळे जयपूरहून किंवा पुण्याहून निघणाऱ्यांनी गॅसची डबी पायथ्याच्या गावीच विकत घ्यावी.

परतल्यावर

सॅक यंत्रात धुऊ नये. यंत्रातील घुसळणीने कापडाच्या आतला लेप सुटतो. सौम्य साबणाच्या कोमट पाण्यात मऊ ब्रशने घासून, सर्व खिसे उघडे ठेवून, सावलीत उलटी टांगावी. हा आतला लेप बहुधा पॉलियुरेथेनचा असतो. उष्णता आणि ओल यांनी तो हळूहळू विघटित होतो, चिकट बनतो, आंबूस वास मारू लागतो आणि पापुद्रे सुटतात. मुंबई-कोकणात पावसाळाभर बंद कपाटात ठेवलेल्या सॅकचे असे होताना अनेकांनी पाहिले असेल. कोरड्या, हवेशीर जागी, प्लॅस्टिकमध्ये न गुंडाळता ती ठेवावी.

जयपूरसारख्या कोरड्या शहरात लेपाला कमी धोका, पण धूळ फार. चेनच्या दातांत बसलेली बारीक वाळू धावकाला आतून घासत राहते आणि तो सैल पडून चेन मागे उघडी राहू लागते. जुन्या दातघासणीने चेन झाडून, कोरड्या कापडाने पुसून घेतली की हा त्रास बराच लांबतो. धावक सैल झालाच असेल तर पक्कडीने त्याच्या दोन्ही बाजू अगदी हलक्या दाबाव्यात. तेवढ्यावर तो आणखी एखादा हंगाम चालतो. उसवलेला पट्टा दाभण आणि मेणवलेल्या नायलॉनच्या दोऱ्याने घरीही शिवता येतो. ते जमत नसेल तर जुन्या बाजारातील बॅग दुरुस्त करणाऱ्या कारागिराकडे न्यावा, आणि फाटलेल्या जागेच्या आतून कापडाचा दुहेरी तुकडा लावण्यास त्याला आवर्जून सांगावे.